न मागता घेतलेला पाव

अमेरिकेत येऊन माणसं इंग्रजी शिकतात. आमची शरयू वेक्लिसून शिकली.

चौथी पास बाई, कोपरगावची. लग्न होऊन नरेंद्ररावांबरोबर एडिसनला आली, ते दिवसभर वेअरहाउसमधे, घरात बसून करायचं काय, म्हणून पर्थ अ‍ॅम्बॉयच्या एका बेकरीत लागली. बेकरी विक्लावाल्यांची. विक्ला म्हणजे इटलीच्या समोर, समुद्र ओलांडला की एक बेट आणि पलीकडच्या किनाऱ्याची पट्टी, आपल्या एखाद्या तालुक्याएवढा देश. जुन्या रोमन लोकांची बोली तिथे शिल्लक राहिली. आजूबाजूच्या बेटांवरही तीच बोलत होते म्हणे, ती सगळीकडची गेली. विक्लाची राहिली. तीच ही वेक्लिसून.

ती का राहिली हे शरयूला पहिल्याच दिवशी कळलं. दुपारी जेवायच्या वेळेला तिनं पावाकडे बोट केलं, तर म्हाताऱ्या मालकानं पाव मागे ओढून घेतला. मालकाचं नाव बार्तोल, पण सगळे त्याला तुओता म्हणायचे, म्हणजे बाबा. तुओता म्हणाला, "बोटानं नाही. तोंडानं माग. पून."

शरयूला आधी राग आला. हा कुठला चमत्कारिकपणा, दोन घास खायला परीक्षा! पण भूक लागलेली, म्हणाली, "पून." म्हाताऱ्यानं पाव दिला आणि असा खूश झाला की वर चीजही दिलं.

मग पुढे कधीतरी त्यानं सगळं सांगितलं. फार पूर्वी बेटावर साथ आली, निम्मी माणसं गेली. घराघरातल्या चुली विझल्या, गावात एकच भट्टी राहिली आणि ती बायकांच्या हातात. बाहेरून कोण कोण येऊन वसायला लागलं, व्हेनिसचे शिपाई, डोंगरातले धनगर, ऑस्ट्रियाचे साहेब. बायकांनी ठरवलं, की भट्टीतला पाव ज्याला हवा त्यानं आमच्या भाषेत मागायचा. भांडण नाही, मारामारी नाही. मागितला की देणार, शत्रूला पण देणार. मुका आला तर त्याच्यासाठी दुसऱ्यानं मागायचं. न मागता घेतला तर ती चोरी, आणि विक्लाचा माणूस मरेल पण न मागता पाव घेणार नाही. पोटापुढे साहेब काय आणि शिपाई काय, सगळे शिकले. त्यांची पोरं तर तीच बोलत मोठी झाली.

"तुमचं काय?" तुओतानं विचारलं.

शरयू म्हणाली, "आमचं उलटं आहे. समोरचा ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत आम्ही उत्तर देतो. हिंदीवाला आला की हिंदी, गुजराथी आला की गुजराथी. जीभ आपोआप वळते."

"मग तुम्ही टिकणार कसे?"

"आम्ही पुष्कळ आहोत, तुओता."

म्हातारा खदाखदा हसला. पण ती जीभ वळायची सवय, ती पुढे आमच्या शरयूच्या चांगलीच अंगाशी आली, तेच सांगायचं आहे.

चौऱ्याऐंशी साल. संक्रांत शनिवारी आलेली. आदल्या दिवशी, शुक्रवारी, शरयू बेकरीत वाणाचे पाव भाजत होती. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका प्लॅस्टिकचे डबे लुटायच्या, चमचे लुटायच्या. शरयू दरवर्षी मुठीएवढे पाव लुटायची, तुओताच्या भट्टीतले. आणि गंमत म्हणून नियमही तोच लावायची, पून म्हणा आणि घ्या. बायका हसायच्या, नावं ठेवायच्या, पण म्हणायच्या.

तेवढ्यात मागच्या दारानं एक बाई आत आली. चाळिशीची, उन्हानं रापलेली, अंगावर पुरुषाचं जाकीट. आली ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तुओतानं तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. पीठ माखलेले हात तसेच हवेत.

ती त्याची मुलगी फूमिया.

विक्लात लढाईनंतर एका पक्षाचं राज्य आलेलं. तुओता मच्छीमार होडीतून पळाला तेव्हा ही लहान, आईजवळ राहिली. मागून कुणाला सोडतात का? आई गेली. फूमिया जहाजावर स्वयंपाकीण झाली, नि एखादं जहाज अमेरिकेला लागेल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघत राहिली. त्या दिवशी नुअर्कच्या बंदरात कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून खाली उतरली ती परत गेलीच नाही.

तुओतानं ओळखीच्या वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, सोमवारी सकाळी नुअर्कचं इमिग्रेशन ऑफिस उघडेल, सरळ माझ्याबरोबर आत न्यायची, एकदा अर्ज आत गेला की कुणी हात लावू शकत नाही. पण तोवर ती विक्ला सरकारच्या माणसांच्या हाती लागता कामा नये, आणि पोलिसांच्याही. पोलीस पळालेली खलाशी म्हणून जहाजावर पोचवून मोकळे होतील, आणि जहाज रविवारी सुटतंय. तिथे परत गेली तर तुरुंग.

"आमच्या माणसांची सगळी घरं त्यांना ठाऊक आहेत," तुओता म्हणाला. "एकेका दारावर जातील."

शरयूनं हात पुसले. "माझं घर नाही ना ठाऊक," म्हणाली.

नरेंद्रराव गाडी घेऊन आले तेव्हा मागच्या सीटवर पावाची खोकी आणि खोक्यांच्या मधे फूमिया.

"ही कोण?" नरेंद्रराव.

"तुमची चुलत वहिनी. बडोद्याची."

"मला बडोद्याला कुणी नाही."

"आता आहे. अहो, गाडी चालवा, मागे बघू नका."

घरी पोचल्यावर सगळं ऐकून नरेंद्ररावांना घाम फुटला. आपलीच ग्रीन कार्डं मुश्किलीनं मिळालेली! "अगं, आणि उद्या तुझ्या वीस बायका येणार घरात. कॅन्सल कर."

"कॅन्सल केलं तर सगळ्यांचे फोन येतील, काय झालं, बरं नाही का, आणि सुलेखा तर डबा घेऊन बघायला येईल."

"मग बेसमेंटमधे ठेव हिला."

"बेसमेंटमधे मुलं खेळणार. वर बेडरूममधे कोट ठेवणार. या घरात लपवायला जागाच नाही. मधे बसवते."

आणि बसवली. शरयूनं तिला आपली हिरवी साडी नेसवली, केसांना गंगावन लावलं, मोठ्ठं कुंकू, डोक्यावर पदर. हात चुलीपाशी राबलेले, ते बघून कुणी परकी म्हणालं नसतं. डोळे काळेच. फक्त तोंड उघडायचं नाही. फूमियाला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

सोळा वर्षांची लेक दीपा सगळं बघत होती. "Aai, this is crazy."

"क्रेझी तर क्रेझी. तिळाच्या वड्या काप."

शनिवारी बायका आल्या. पिस्कॅटवेहून सुलेखा, डॉक्टरांची मृणालिनी, नुकतीच पुण्याहून लेकीकडे आलेल्या पद्मिनीमावशी. बाहेर बर्फ साठलेलं, आत साड्यांची सळसळ.

"या आमच्या बडोद्याच्या वहिनी. यांचं मौन आहे," शरयूनं सांगून टाकलं.

"मौन?" सुलेखा म्हणाली. "अगं, संक्रांत म्हणजे गोड बोलायचा सण, आणि यांचं नेमकं मौन?"

"नवस आहे त्यांचा."

"आमच्याकडे असा नवस ह्यांना करायला सांग," मृणालिनी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. फूमियानंही पदराआडून हसल्यासारखं केलं. पण तिचे हात मांडीवर असे घट्ट धरलेले की नखं पांढरी. शरयू तिच्या पुढून जाता येता मुद्दाम खांद्याला हात लावून जात होती.

आणि दाराची बेल वाजली.

दारात एक माणूस. करडा ओव्हरकोट, हातात हॅट, दाढी गुळगुळीत. सावकाश इंग्रजीत म्हणाला, की माफ करा, जहाजावरची एक बाई हरवली आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही, घरचे काळजीत आहेत. आपण पर्थ अ‍ॅम्बॉयच्या बेकरीत काम करता ना?

"नो बेकरी," म्हणाली. "आय हाउसवाइफ. यू मिस्टेक."

"मिस्टेक," तो म्हणाला आणि मान हलवली. निघाला असं वाटलं. हॅट डोक्यावर चढवता चढवता, अगदी सहज, शेजाऱ्याशी बोलावं तसं वेक्लिसूनमधे म्हणाला, "बाई, तुमच्या चुलीवर काहीतरी करपतंय."

आणि आमची शरयू चुलीकडे वळत, त्याच भाषेत म्हणाली, "करपत नाही हो, तीळ भाजलेत."

बोलून गेली नि गारच पडली.

तो हसला नाही. हॅट परत काढली. "तीळ," म्हणाला, आणि पाय पुसून आत आला.

आत दिवाणखान्यात बायका वळून बघायला लागल्या. पद्मिनीमावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "हा कोण? बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? ए बाबा, बाहेर बस."

त्याला कळलं नाही, किंवा कळलं तरी तो हलला नाही. दाराशेजारी कोट टांगायच्या खुंट्यांखाली भिंतीला टेकून उभा राहिला. खिशातून एक फोटो काढला, पासपोर्टवरचा, बोटाच्या पेराएवढा, कापलेल्या केसांची कुठलीशी बाई. फोटोकडे बघायचा, मग ओळीनं बायकांकडे. कपाळावर कुंकू, गालाला हळद, नाकात नथ, सगळ्या सारख्याच. तरी त्याची नजर दोन वेळा हिरव्या साडीवर थांबली.

दीपा आईच्या कानाशी आली. "Should I call the cops?"

"नको!" शरयू दबक्या आवाजात. "पोलीस आले तर ती गेलीच."

"मग काय करायचं?" पोरगी घाबरून मराठीत आली.

काय करायचं ते शरयूलाही सुचत नव्हतं. तो काही बोलत नव्हता, कुणाला हात लावत नव्हता, नुसता उभा. जाणारी प्रत्येक बाई त्याच्या समोरूनच बाहेर पडणार होती. तिनं विचार केला, वाण देऊन टाकावं, गर्दीनं सगळ्यांना एकदम बाहेर काढावं, त्यात फूमियाही निघून जाईल, मृणालिनीच्या गाडीत बसवू. तिनं पावाची टोपली उचलली.

आणि टोपली उचलल्यावर तिला कळलं, आपण काय करून बसलो.

कारण बायका उठून ओळीनं उभ्याही राहिल्या. दरवर्षीची सवय. सुलेखा पुढे, पदराची झोळी करून. "पून," ती म्हणाली, आणि मागे वळून, "बघा, माझं कसं फर्स्ट क्लास आलं!"

भिंतीशी टेकलेला माणूस ताठ झाला.

त्याला लगेच उमगलं. तो आता चेहरे बघेना, खाली मान घालून नुसता ऐकायला लागला. मृणालिनी म्हणाली, "पुन." पद्मिनीमावशी म्हणाल्या, "पूण द्या बाई, काय असेल ते." कुणी लांबवलं, कुणी तोडलं, सगळ्यांची जीभ मराठी. जिची जीभ विक्लाची असेल ती एका शब्दात उघडी पडणार होती. आणि जी गप्प राहील तिच्यासाठी दुसरं कुणी मागणार. ते कोण मागतं, कसं मागतं, हेही तो ऐकणार.

शरयूचे हात पाव देत होते, पण डोळे ओळीच्या शेवटी. मधे चार बायका, मग तीन. थांबवायचं कसं? थांबवलं तर का थांबवलं? मनात म्हणत होती, बोलू नकोस बाई, बोलू नकोस. पण तिला माहीत होतं. पाव समोर आला की तो शब्द विक्लाच्या माणसाच्या तोंडातून येणारच. पाळण्यातून लागलेली सवय ती. आपल्याच जिभेनं आत्ता दारात काय केलं?

फूमिया समोर आली. नजर पावावर. तिचे ओठ हलले. शरयूला ते हलताना दिसले, पहिला आवाज धरायला मिटलेले.

शरयूनं मागण्याआधीच पाव तिच्या तळहातावर ठेवला.

"वहिनींचं मौन आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "घ्या वहिनी."

"अगं ए!" सुलेखा ओरडली. "नियम मोडलास! आम्हाला दरवर्षी बोलायला लावतेस आणि घरच्यांना फुकट?"

"मागू दे ना कुणीतरी त्यांच्याऐवजी," मृणालिनी म्हणाली. "मी मागू?"

"नको," शरयू म्हणाली. "त्यांना असाच."

पाव फूमियाच्या तळहातावर. बोटं उघडी. मिटेनात. तो माणूस आता मान वर करून त्या हाताकडेच बघत होता, सरळ. त्याला नियम माहीत होता. त्याच भट्टीचा पाव खाऊन तोही मोठा झालेला. विक्लाची बाई मागितल्याशिवाय बोटं मिटणार नाही. शरयूला हे माहीत, त्याला माहीत, आणि फूमियाला तर सगळ्यांहून जास्त.

बाकीच्या बायकांना वाटलं वहिनींना पाव आवडत नाही.

मग फूमियानं बोटं मिटली. नुसती मिटली नाहीत, पाव तोंडाशी नेला, मोठा तुकडा तोडला आणि त्याच्यासमोर उभं राहून चावून चावून खाल्ला. चेहऱ्यावर काही नाही. गिळला.

त्या माणसानं श्वास सोडला. फोटो खिशात टाकला. त्याचं इथलं काम संपलं होतं. ही विक्लाची नव्हे. जिनं असा पाव खाल्ला ती विक्लाची असूच शकत नाही.

जाताना तो टोपलीपाशी थांबला. शरयूकडे बघून म्हणाला, "पून." नीट म्हणाला, घरच्यासारखं. मागितलं की द्यायचा, शत्रूला पण द्यायचा. शरयूनं दिला. सोबत तिळाची वडी ठेवली आणि तोंडावर आलं म्हणून मराठीत म्हणाली, "गोड बोला." तो हॅट घालून बर्फातून गाडीकडे गेला.

दार लागलं आणि पद्मिनीमावशी म्हणाल्या, "शरे, आता खरं सांग, ही बडोद्याची का?"

शरयूनं दाराला कडी घातली, मग नाही म्हणून मान हलवली. फूमिया बाथरूमकडे धावली. आतून उलटीचा आवाज येत होता, मग रडण्याचा. दीपा दाराबाहेर उभी राहून, "It's okay, it's okay," म्हणत राहिली.

खरं कळल्यावर एकही बाई घाबरून पळाली नाही. सुलेखानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तरीच म्हटलं, एवढा वेळ कुठलीही मराठी बाई गप्प बसणार नाही." त्या रात्री फूमियाला मृणालिनीच्या घरी नेलं, आणि रविवारी जहाज तिच्याशिवाय सुटलं. सोमवारी वकीलबाईबरोबर ती नुअर्कच्या ऑफिसात शिरली. पुढे तारखा पडल्या, खेटे झाले, शेवटी राहायची परवानगी मिळाली.

तुओताला मात्र ते चैन पडू देईना. लेकीनं त्याला सगळं सांगितलेलं. त्यानं तिला शब्दानं दुखावलं नाही. पण भट्टीपाशी बसून राहायचा. शरयूला वाटलं म्हातारा आपल्यावर रागावला, शेकडो वर्षांत कुणी केलं नाही ते आपण करवलं. कामावर जायला तिला भीती वाटायला लागली.

एका रविवारी नरेंद्रराव अंघोळीला गेलेले आणि तुओता बसनं एडिसनला आला. उंबऱ्याबाहेर उभा. शरयू म्हणाली, "या ना आत." तो आत येईना. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. कुणाकडून, बहुतेक दीपाकडून, शिकून आला होता. जड जिभेनं मराठीत म्हणाला, "बाई, भाकरी दे."

शरयूला काही कळेना. मग तो आपल्या भाषेत म्हणाला, "माझ्या पोरीनं तुझ्या घरात न बोलता पाव घेतला. एक शब्द राहिला. तो मी तुझ्या भाषेत भरतोय. तुझ्या घरचाही नियम तोच धरतो."

तिनं तव्यावर ज्वारीची भाकरी टाकली. पीठ इंडियन स्टोअरमधलं जुनं, तडे गेले. त्यानं उंबऱ्यात उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

त्यानंतर दर संक्रांतीला फूमिया शरयूकडे यायची, ओळीत पहिली. पून, म्हणायची. मग परत एकदा, पून. पाव मात्र एकच घ्यायची.

आमची शरयू गेल्या आश्विनात गेली. भट्टीपाशी उभी होती, बसली ती उठली नाही. वय ते काय होतं. तुओता नव्वदीच्या घरात, तो पोचवायला आला आणि ही गेली हे मानायलाच तयार नव्हता, हातातला पाव कुणाकडे द्यावा ते त्याला समजेना.

या संक्रांतीला हळदीकुंकू दीपानं केलं. नको म्हटलं सगळ्यांनी, वर्ष व्हायचंय. पण ती ऐकेना. टोपली घेऊन आईच्या जागी उभी राहिली. फूमिया आली, काळी साडी, स्वतः नेसलेली. पून, म्हणाली. पून.

नंदा म्हणून नागपूरची एक नवी सून होती, तिनं हळूच विचारलं, "अहो, या दोनदा का म्हणाल्या?"

दीपानं पाव फूमियाच्या हातावर ठेवला. पोरगी एरवी इंग्रजीतच बोलते. म्हणाली, "दुसरा माझ्या आईच्या पावाचा."